तीन मिलिमीटर वरचं भोक

मुबीनभाई,
तुमचं जहाज ज्या बंदरात असेल तिथे सलाम.

तुम्ही इटलीहून पाठवलेल्या ब्रायर लाकडाच्या ठोकळ्यातून अब्बांनी तुमच्यासाठी तंबाखू ओढायचा पाइप घडवला. बाहेरून सुरेख दिसतो. पण दांड्यातलं भोक तंबाखूच्या वाटीच्या अगदी तळाशी उघडायला हवं, ते तीन मिलिमीटर वर उघडलंय. तळाची तंबाखू नेहमी ओली राहील.

अब्बांना ते दिसलं नाही. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला, उजवा जातोय. खोपोलीचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही.

कारखान्यात मी दिवसभर ड्रिलच चालवते. म्हणून म्हटलं, भोक मी पाडते.

"तुज्याकडं मोजायला व्हर्नियर हाय, माज्याकडं अंगठा हाय," ते हसून म्हणाले. त्याच अंगठ्याला पट्टी होती. भोक पाडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बराबर उतरलं ना गं?"

मी हो म्हणाले.

तुम्हाला खरं कळवलं तर तुम्ही लाकूड पाठवणं थांबवाल. मग ते दिवसभर काय करतील, मला माहीत नाही. नाही कळवलं तर पुढच्या वेळी ड्रिल अंगठ्यात किती खोल जाईल, तेही माहीत नाही.

पाइपच्या पार्सलमध्ये घालायची चिठ्ठी ते आधी माझ्याकडून वाचून घेतात. म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. पार्सलसाठी मी दुसरी चिठ्ठी लिहिली: पाइप छान झालाय, आणखी चार ठोकळे पाठवा. ती त्यांना वाचून दाखवली.

"चार नको, सहा लिव," ते म्हणाले.

मी सहा लिहिले.

अनम