चाकाची खुर्ची

कळंब
६ मे २०२५

चि. शालनला प्रयागआक्काचा आशीर्वाद.

फोनवर मी भांडते न तू ठेवून देतेस, म्हणून लिहिते. पुरं वाच. भागूबाई तुझ्या रोपवाटिकेत कामाला लागली, हे मला दूधवाल्याकडनं कळलं. माझ्या रोपवाटिकेत इतकी वर्षं तिनं उसाच्या बेण्याचे डोळे कापले. उसावर नुसतं बोट फिरवून सांगायची, हा उगवंल, हा कुजंल. आता लोकांनी पावसाळ्यात लावायच्या आडसाली उसाची रोपं सांगून ठेवल्यात न माझे निम्मे ट्रे उगवलेच न्हाईत. ही गिऱ्हाईकं गेली तर परत यायची न्हाईत.

लहानपणापास्नं माझ्या हातातलंच तुला पायजे असतं. आन् तिला खुर्ची दिलीस म्हणं. कामाच्या बाईला कुणी खुर्ची देतं का?

राग हाय तसा कळव, माया हाय ती हायच.
तुझी आक्का

बारामती
११ मे

ती. आक्कास शालनचा साष्टांग नमस्कार.

मी तिला बोलवाय गेले नव्हते. तिचे गुडघे गेल्यात. उकिडवं बसणं होईना, पुढं माझं काय, असं तिनं तुलाच आधी विचारलं. तू म्हणालीस, मग घरी बस. मग ती माझ्या दारात आली.

खुर्ची बसून शिकवायला दिलीया. हाताखाली दोन पोरी घातल्यात. धंदा वाढवायचा तर पाच वर्सांनी कोण कापणार, मुकादमीण कोण हुणार, हे आत्ताच बघाय लागतं. ट्रेत भरायचं कोकोपीट संपलं तर दुकानातनं येतं, माणूस कुठनं येणार? तुझ्यात एखादी बाई तिच्या हाताकडं बघाय थांबली की तू वराडायचीस, बघायचा रोज देते का म्हणून.

दाजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करू नको.
शालन

कळंब
१६ मे

चि. शालनला आशीर्वाद.

मला अक्कल शिकवू नको. तुझी खुर्ची प्लास्टिकची हाय, मी चौकशी केलीया. मी काल बारामतीत येऊन गादीची आणली. चाकं हायत, गोल फिरती, हात ठेवायला दांड्या. तुझ्या घरावरनंच गेले, आत आले न्हाय. भागूबाईला सांग खुर्ची वाट बघती.

आक्का

बारामती
२१ मे

ती. आक्कास नमस्कार.

खुर्चीचं ऐकून भागूबाई तोंडाला पदर लावून हसली. कायमची यायची न्हाय. पण दर बुधवारी येऊन शिकवंल म्हणती, तुझी सून संस्कृती शिकायला बसली तर. पोरीनं तुला मागं विचारलं हुतं, तू तिला भाकरी थापाय धाडलंस. गिऱ्हाईक उद्या तिचं नाव घेत येईल, ह्याचंच तुला वाईट वाटतंय. माझ्यावर रुस, तिच्यावर नको.

तुझी धाकटी
शालन

कळंब
२० जून

चि. शालनला अनेक आशीर्वाद.

भागूबाई दर बुधवारी येती. पयल्या दिवशी खुर्चीची चाकं कोकोपीटच्या भुशात रुतली. मी न संस्कृतीनं उचलून ठेवली, तर बाई बसंना. म्हणाली ही फिरती, माझं हात हलत्यात. डबा पालथा घालून बसली, न मला म्हणाली, मालकीणबाई, तुमीबी बसा.

मी कापलेलं एकेक तिनं वाया गेलं म्हणून बादलीत टाकलं. संस्कृतीचं ट्रेत ठेवलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. पण उठले न्हाय.

काल रोपं बघाय निमगावचा शेतकरी आला. उगवण लई चांगली हाय म्हणला, कुणी कापलं? मी म्हणणार हुते, मी. संस्कृती पलीकडं ट्रे उचलत हुती. म्हणलं, आमच्या सुनबाईनं. गडी तिच्याकडंच जाऊन बोलत बसला, माझ्याकडं वळून बघितलं न्हाय.

तुझ्याकडं दोन शिकत्यात. माझ्याकडं एक हाय, पुढच्या बुधवारी मी तीन बसवणार. त्या गादीच्या खुर्चीत आता मीच बसते न हाय तितंच रुतते. तुझी प्लास्टिकची कुठल्या दुकानातली, ते कळव. मला दोन पायजेत.

ह्या खेपंला घरावरनं गेले तर आत येईन. च्यात साखर बेतानं टाक.
तुझी आक्का