काराकेरची तयारी

११ फेब्रुवारी

सून झुपार कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलीय! जेवणाच्या टेबलावर. माझा चहाचा पेला बाजूला सारून तिथे पंखे मांडलेत. तोलेगेन – माझा धाकटा, तिचा नवरा – तेलाच्या विहिरींवर पाळीला गेलाय, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही. विचारलं, "मोडलं का गं?" तर म्हणते, "नाही बाबा, पळवायचंय."

पळवायचंय! हा शब्द या घरात माझा होता. उभा जन्म शर्यतीचे घोडे तयार करण्यात गेला. मग गुडघा गेला, गाव सुटलं, चौथ्या मजल्यावर येऊन बसलो. तेव्हापासून पळवण्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

नीट समजून घेतलं. प्रोसेसरला कंपनीने एक चाल ठरवून दिलेली असते. ती वाढवता येते. पण चाल वाढली की वीज जास्त खातो, आणि वीज खाल्ली की तापतो. म्हणून आधी गारव्याची सोय, मग चाल. झुपारने विटेपेक्षा मोठा धातूचा ठोकळा आणलाय, त्याला दोन पंखे. तो बसवण्याआधी प्रोसेसरवर करडं मलम लावलं, वाटाण्याएवढं. मी म्हटलं, "सढळ हाताने लाव की." "जास्त लावून काही मिळत नाही बाबा, नुसता पसारा." बरोबर आहे. खुरांनाही मी मलम बेतानंच लावायचो.

हे सगळं कशासाठी, तर नौरिझच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला इथे करागांडात स्पर्धा आहे. नियम कडक – फक्त पंखे, दुसरा कसलाही गारवा नाही. अर्धा तास न चुकता धावायचं. नव्वद अंशांच्या वर तापला की बाद. ज्याची चाल सर्वांत जास्त त्याला अल्माटीच्या एका कंपनीत नोकरी. सिनेमावाल्यांसाठी मशीनं बांधतात ते. झुपार लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून जोडून विटलीय. म्हणाली, "एकदा तरी माझं काम जाणत्या माणसांनी बघावं."

नोकरीचं मी मनावर घेतलं नाही. धाकटी सून म्हातारं माणूस टाकून जात नाही, आपल्यात तशी रीतच नाही. जिंकायचं मात्र घेतलं मनावर.

१९ फेब्रुवारी

रोज एक पायरी. चाल वाढवते, अर्धा तास पळवते, ताप बघते. अडखळला तर वीज किंचित वाढवून बघायची, नाहीतर मुकाट पायरी उतरायची. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. अगदी माझीच पद्धत! तिला सांगितलं, आम्ही घोड्याचा घाम चाटून बघायचो – दाट आणि खारट लागला तर अंगात अजून चरबी आहे, पाण्यासारखा लागला की घोडा तयार. म्हणाली, "याला चाटू नका हं. शॉक बसेल."

नाव मी ठेवलं. काराकेर. गडद रंगाच्या घोड्याला आम्ही तसं म्हणतो, आणि हा रंगाने काळाच आहे.

२१ फेब्रुवारी

चाल ४.९ गिगाहर्ट्झ, ताप ७१. नुसता फुरफुरतोय.

२७ फेब्रुवारी

आज मी घोळ घातला.

झुपार एका लग्नाचा व्हिडिओ पोचवायला गेली. जाताना काराकेरला लांब पल्ल्यावर सोडून गेली. "फक्त लक्ष ठेवा, हात लावू नका." थोड्या वेळाने पडदा काळा झाला. मला वाटलं, संपली धाव. हात लावून बघतो तर अंग कढत! वर खिडकी उघडी, बाहेरचा बर्फाचा वारा थेट त्याच्यावर. आता घामाघूम घोडा वाऱ्यात उभा ठेवला तर काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. आतून घोड्याची जुनी लोकरीची झूल आणली, नीट गळ्यापासून शेपटापर्यंत पांघरली. पंखे जोरात घोंघावले, मग एकदम शांत झाले. मी म्हटलं, निजला बिचारा.

झुपार आली. बघतच राहिली. "बाबा – तुम्ही याला झूल घातलीत?" पडदा आपला आपण निजला होता म्हणे, धाव चालूच होती. शंभरावर ताप गेला आणि तो स्वतःहून बंद पडला. प्रोसेसरमध्येच तशी सोय असते, म्हणून वाचला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण ती जमिनीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग दोघांनी मिळून पंख्यांतली लोकर ब्रशने काढली. लाज वाटली, पण मजाही आली. हे घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

८ मार्च

ओमिरझाक चहाला आला होता. आयुष्यभर शर्यतीत माझ्या मागे राहिलेला माणूस. झुपार पेला भरून देत होती तेवढ्यात म्हणाला, "काय रे, घोडे संपले म्हणून आता डबे पळवतोस?" माझं डोकं फिरलं. तिच्यादेखत सांगून टाकलं – "माझी सून पहिली येणार. नाही आली तर तुझ्या दारात येऊन तुझ्या लंगड्या घोडीला मुजरा करीन." झुपारने वळून माझ्याकडे पाहिलं.

१५ मार्च

५.३! पूर्ण अर्धा तास! एकही चूक नाही, ताप ८४. आणि कुठे – तर आमच्या या भट्टीत, जिथे सरकारी हीटर बंद म्हणून करता येत नाही. मार्चात बनियनवर बसावं लागतं. स्पर्धेचा हॉल थंडगार असतो म्हणतात. अभिमानाने छाती भरून आली. स्पष्टच लिहितो – इतका आनंद माझ्या घोड्यांनीही फार वेळा दिला नाही.

२२ मार्च

सकाळी तळवे पसरून तिला आशीर्वाद दिला. हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलो, डोक्यावर टोपी, अंगावर सणाचा झगा. तिच्या हाताखाली काराकेर सुरेख चालला. ५.१ झालं. मग थांबली. निवेदक म्हणाला, आणखी एक पायरी? तिने मान हलवली. "पुढे जात नाही तो."

तेमिरताउचा एक दाढीवाला ५.२ ने पहिला आला. आमची दुसरी.

२३ मार्च

ओमिरझाकचा फोन. उचलला नाही. सुनेशी बोललो नाही. चहा घेतला.

२९ मार्च

आठवडाभर डोक्यात एकच आकडा. ६८. ती थांबली तेव्हा पडद्यावर ताप अडुसष्ट होता. नव्वदपर्यंतचं सगळं रान मोकळं. घरच्या भट्टीत जो ५.३ ला हासत पळतो, तो त्या थंड हॉलमध्ये ५.१ ला अडेल? धापसुद्धा लागली नव्हती त्याला. असं मी शर्यतीत शंभरदा पाहिलंय. घोडा थकत नाही तिथे, स्वार लगाम ओढतो.

चहाच्या वेळी सरळ विचारलं, "का ओढलास लगाम?"

तिने वर पाहिलं नाही. "गार होतोय बाबा. घ्या."

मग समजलं मला. पहिल्या नंबराला अल्माटी होती, आणि इथे मी. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हे आठवडाभर समजू नये!

१ एप्रिल

ओमिरझाककडे जाऊन घोडीला मुजरा करून आलो. शब्द म्हणजे शब्द. तो हसला नाही. मी त्याला खरी हकीकत सांगितली तर मला आत नेऊन बसवलं. म्हणाला, "अशी सून मिळाली तुला. तिथे मात्र खरंच पुढे गेलास माझ्या."

३ एप्रिल

अल्माटीच्या त्या कंपनीला फोन केला. म्हटलं, दुसरी आली ती माझी सून, सोमवारी मशीन घेऊन येतेय, तुमच्यासमोर ५.३ ला पळवून दाखवील. या म्हणाले. ओमिरझाकच्या घरी एक खाट रिकामी आहे, तीही माझ्यासाठी ठरवली. तिला अजून सांगितलेलं नाही.