खालची तार

३० मार्च
रविवार. केतकीबरोबर दिवसभर डेल नावाच्या गुरंवाल्या म्हाताऱ्याच्या कुरणाला, दक्षिणेकडच्या कुंपणाला. बर्फ आता कुठे उतरतोय. जसजसा उतरतोय तसतशी खालून हरणं निघताहेत. मेलेली, तारेला लागून, एकमेकांना चिकटून. जानेवारीत वाऱ्याने बर्फाचा दगड झाला, खालचं झुडूप उकरता येईना, म्हणून सगळा कळप दक्षिणेला निघाला आणि इथे अडला. पलीकडची टेकडी वाऱ्याने उघडी पडलेली. चारा डोळ्यांना दिसत असणार त्यांना.
के. मांडीची नळी फोडून आतला मगज बघते. पांढरा, घट्ट असेल तर जनावर धडधाकट होतं. लाल, जेलीसारखा असेल तर उपाशी मेलं. आज सगळे लाल. ती शांतपणे लिहून घेते. सरकारी वन्यजीव खात्यात आहे, कामच आहे तिचं. मी पिशव्या धरायला. एकदा पिकअपच्या मागे जाऊन रडलो. तिने बघितलं नाही बहुतेक.
ती म्हणते हरीण म्हणू नकोस, प्राँगहॉर्न म्हण, हरीण वेगळं. मी हरीणच म्हणणार.
संध्याकाळी आईचा फोन. "काय करून राहिला रे तू तिकडे?" टायर बदलतोय, म्हटलं. खरंच आहे ते. कॉलेज अर्धवट सोडलं ते कंप्युटरला कंटाळून, असं तिकडे घरी, टेक्सासला प्लेनोत सगळ्यांना वाटतं. केतकीला वायोमिंगमध्ये नोकरी लागली म्हणून सोडलं, हे फक्त मला ठाऊक. तिलाही नाही.

११ एप्रिल
शाळेच्या जिममध्ये खात्याची मीटिंग. अख्खं गाव. या वर्षी माद्यांच्या शिकारीचे परवाने पूर्ण बंद, नरांचे अगदी मोजके, असा प्रस्ताव. लोक कुरकुरले पण ऐकत होते. मग डेल उठला. पंच्याहत्तरीचा असेल, काठीसारखा सरळ. म्हणाला, दर पानगळीला त्याच्याकडे शिकारी उतरतात, त्याच्या बापाच्या वेळेपासून. जनावरं थंडीने मारली, बंदुकीने नाही, मग शिक्षा बंदुकीला का.
मी उठलो. का उठलो माहीत नाही. डोळ्यांसमोर त्या लाल नळ्या. म्हटलं, थंडीने नाही मारली, तुमच्या तारेने मारली. आणखीही बरंच बोललो. शिकार कायमची बंद करा वगैरे. गोळी घालणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे, हेसुद्धा.
मागून कुणीतरी विचारलं, पोरा तू कुठला? प्लेनो, टेक्सास. हशा.
बाहेर पार्किंगमध्ये के.ने गाठलं: "निनाद, त्या म्हाताऱ्याच्या किचनमध्ये मी किती वेळा जाऊन बसलेय माहितीये तुला? तो कुंपण बदलायला ऑलमोस्ट हो म्हणणार होता, यार. दॅट फेन्स वॉज ऑलमोस्ट माइन."
मला हे माहीतच नव्हतं. मला सांगायचं ना मग.
पण ओरडायच्या आधी मी कधी विचारतो कुणाला?

१४ एप्रिल
माफी मागायला डेलकडे गेलो. गोठ्यात होता. गाय अडलेली, वासराचे नुसते पाय बाहेर. मी "सर, त्या दिवशी" एवढंच म्हणालो, तोवर त्याने माझ्या हातात साखळी दिली आणि ओढ म्हणाला. ओढलं. घसरून पडलो, वासरू माझ्या अंगावर. जिवंत, गरम, चिकट. डेल माझ्याकडे न बघता वासराला पुसत राहिला. मग म्हणाला, "टेक्सास, उद्या सहाला ये. माणूस कमी आहे."
माफी राहिलीच मागायची.

२ मे
टायरवाल्याकडची नोकरी सुटली. सुटली म्हणजे मीच भांडलो. आता दिवसभर डेलकडेच. शेण, वासरं, कुंपणाची डागडुजी. तो फार बोलत नाही. आज दुपारी सँडविच खाता खाता म्हणाला, ती मुलगी बरोबर सांगते बहुतेक. दक्षिणेच्या कोपऱ्यातला एक तुकडा घे, तुला काय करायचं ते कर. पण माझी एक जरी गाय बाहेर गेली तर सगळं होतं तसं बांधून द्यायचं, तुझ्या हाताने.
मी "यस सर" म्हणालो आणि आत जाऊन एकटाच नाचलो.
के.ला सांगणार नाही. आधी करून दाखवतो.

७ मे
हाताला फोड, पाठ मोडली, पण झालं. त्या तुकड्यातली वरची काटेरी तार काढून टाकली. आता कंबरेच्याही खाली. लहानपणी मामाने सोलापूरकडे काळविटं दाखवली होती. बांधावरून अशी उडायची की पाय जमिनीला लागतात की नाही कळायचं नाही. हरीण म्हटलं की उडी. एवढीशी तार आता सहज.
उद्या के.ला घेऊन येतोय. ती काय म्हणेल याची रिहर्सल डोक्यात चालू आहे.

८ मे
ती आली. तारेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी.
"दे डोंट जंप, निनाद."
म्हणजे?
म्हणजे उडी मारतच नाहीत. मारता येत नाही असं नाही, सवयच नाही. लाखो वर्षं या मोकळ्या माळावर पळाली, उडी मारायला मध्ये काही नव्हतंच. कुंपण दिसलं की ती खालून सरपटत जातात. खालची तार काटेरी आणि जमिनीला टेकलेली असली की संपलं. मी नेमकी वरची काढली होती.
हे कमी म्हणून संध्याकाळी डेलचा फोन. गाई माझ्या तुकड्यावरून शांतपणे पाय टाकून पलीकडे गेल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला चरत होत्या. तो ओरडला नाही. "टेक्सास, तू माझ्या गाईंना दरवाजा बांधून दिलास."
गाई गोळा करताना अंधार पडला. के. मदतीला होती. वाटेत दोनदा आपली आपणच हसली. मला हसू आलं नाही.

९ मे
सगळं पूर्ववत बांधलं. मग डोकं फिरलं. सामान गाडीत टाकलं, टेक्सासच्या दिशेने निघालो. कुणाला सांगितलं नाही. इथे माझं काय आहे? ना शिक्षण, ना नोकरी, ना ती.
पेट्रोल भरायला थांबलो तिथून आईला फोन केला. ती इतकी खूश झाली की घाबरलोच. बाबांनी कॉलेजशी बोलून ठेवलंय म्हणे, देशपांडे काकूंना कळवते म्हणे, लगेच पोळ्यांना लागते. काकू म्हणजे केतकीची आई. मी म्हटलं थांब, कुणाला काही सांगू नको.
पंपाच्या मागे माळ. तिथे एक मादी, एकटीच, पोट मोठं. हिवाळा काढून वाचलेली. माझ्याकडे बघत उभी. मी चहा संपवला. ती हलली नाही.
गाडी वळवली. आईला मेसेज: नंतर येतो. तिने उत्तर दिलं नाही. अजून नाही.

१० मे
डेल: काल कुठे होतास? मी: गाडीचं काम होतं. त्याने मान हलवली. त्याला कळलंय.
परत एक तुकडा मागितला. गाई नीट आत राहतील असा. तो बराच वेळ दात कोरत बसला. मग: "ती मुलगी उभी राहून करून घेणार असेल तर."

१ जून
के.ने शिकवलं. सगळ्यात खालची काटेरी तार काढायची. तिच्या जागी गुळगुळीत, बिनकाट्याची. आणि उंच घ्यायची. गाई थांबतील पण हरणाची पाठ घासून निघेल एवढी. अठरा इंच म्हणाली आणि टेप घरी विसरलेली. मी म्हटलं आमच्या आजोबांच्या भाषेत हे एक हात होतं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तिने हात जमिनीवर उभा धरून बघितला. बरोबर. दिवसभर मग खांबाखांबाला ती गुडघ्यावर बसून हात उभा करतेय आणि मी खूण करतोय. कोपराला माती. ती पुसायची फार इच्छा झाली. पुसली नाही.
शेवटी मी पोटावर पडून तारेखालून पलीकडे गेलो. शर्ट फाटला नाही. के.ने टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ तीही आली, केसात काड्या, आणि पलीकडे तशीच पडून राहिली आभाळाकडे बघत. आज आयुष्यात काही कमी नाही.

२८ जून
डेलची शंका होती वासरांची. खालून जातील म्हणून. आज एक गेलंच. पलीकडे जाऊन उभं राहिलं, आईला हाक मारली, आईने लक्ष दिलं नाही, भूक लागल्यावर आपलं आपण परत आलं. डेल हे सगळं पिकअपमधून बघत होता. काच खाली करून म्हणाला: "बरं. दक्षिणेची सगळी बाजू करा."
सगळी.
के.ला फोन लावला तर तोंडातून शब्द फुटेना. ती घाबरली, कोण मेलं म्हणाली.

२६ जुलै
हात उठत नाहीत. चर्चमधल्या बायका, शाळेतली पोरं, खात्यातले दोघंतिघं, सगळे येतात शनिवारी. ज्या जिममध्ये माझ्यावर हसले तेच लोक. एका दाढीवाल्याने तार ताणता ताणता विचारलं, काय रे, आम्हाला लाज वाटली पाहिजे ना अजून? मी कान पकडले. त्याला कळलं नाही कान का पकडले ते, पण बिअर दिली.
डेल आता उंची बघताना स्वतःचा हात लावतो. "वन हात," म्हणतो.

१९ सप्टेंबर
शिकारीचा हंगाम. डेलकडे यंदा एकच पाहुणा, नेब्रास्काचा त्याचा जुना दोस्त, नराचा परवाना मिळालेला. मी ठरवलं होतं, घरातच बसायचं, आवाज ऐकायचा नाही. पण के.ला खात्याच्या वतीने दात तपासायचा होता, वय कळतं त्यावरून. गेलो.
परत येताना भांडलो तिच्याशी. एवढी मेली, अजून मारायची कशाला? तिने गाडी बाजूला घेतली. म्हणाली, पिल्लं माद्या घालतात. एका नराला बऱ्याच माद्या पुरतात. थोडे नर गेले तर पुढच्या वर्षीची पिल्लं कमी होत नाहीत. मादी गेली तर तिच्याबरोबर पुढच्या वर्षीचं जुळं जातं, बहुतेक जुळंच होतं त्यांना. म्हणून माद्या बंद, नर थोडे. आणि ज्यांना वर्षातून एकदा तरी या जनावराची वाट बघावीशी वाटते तेच शनिवारी तार ओढायला येतात, हे तुझ्या लक्षात नाही आलं?
नव्हतं आलं.
डेलने मांडीचा तुकडा पाठवला. के.ने तिच्या आईचा काळा मसाला घालून केलं. ती हिवाळाभर खातात त्या सेजच्या झुडपाचा वास येतो मांसाला. मी दोनदा घेतलं. "शिकार कायमची बंद करा," ती माझ्या आवाजात म्हणाली आणि तिसऱ्यांदा वाढलं.

९ नोव्हेंबर
मोठा बर्फ. लवकर आलाय. के. रोज सकाळी दुर्बीण घेऊन जाते. कळप वर आहे, लहान झालाय फार, बघवत नाही. दक्षिणेला निघालाय. वाचलेल्यांना आठवत असेल का इथे काय झालं ते? तारेपाशी आलीच नाहीत तर? तिने नखं खाल्ली आहेत. मला सांगते काळजी करू नकोस.

१२ नोव्हेंबर
लिहितो.
उजाडताना डेलचा फोन. "टेक्सास, ये. मुलीला घेऊन ये. हेडलाइट बंद कर."
तिघं त्याच्या ट्रकमध्ये, पुढच्या एकाच सीटवर. कळप तारेपाशी उभा. बर्फात नुसत्या पांढऱ्या पाठी आणि वाफा. पुढची मादी तारेच्या कडेने चालत गेली. परत आली. परत गेली. गेल्या हिवाळ्यातही अशाच फेऱ्या मारल्या असतील, आणि मग बसल्या असतील. के. श्वास घेत नव्हती. डेल दातात शिव्या देत होता, हळू, एकसारख्या, देवाचं नाव घ्यावं तशा.
मग ती थांबली. मान खाली. पुढचे गुडघे टेकले. आणि सरकन, पलीकडे.
उभी राहून अंग झटकलं. मागे वळून बघितलंही नाही, चालायला लागली.
तिच्या मागून दुसरी. मग दोन एकदम. मग रांगच. बर्फ उडतोय, तार पाठीला लागून नुसती थरथरतेय, एकाचीही कातडी अडकत नाही. यंदाची पिल्लंसुद्धा. शेवटचा एक नर राहिला, लाजल्यासारखा, शिंगं आडवी येत होती त्याची. मान तिरकी केली आणि गेला.
तार रिकामी. टेकडीवर सगळे पळताहेत.
के.ने माझ्या जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि कपाळ माझ्या खांद्यावर आपटलं, दोन-तीनदा, जोरात. डेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, खाली उतरा दोघं, मला नाक शिंकरायचंय.
आईला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: "हे तू केलं?" मग लगेच: "जेवला का?"
हो. हो.

१५ नोव्हेंबर
डेलच्या ट्रकमध्ये बसून लिहितोय. शाई गोठतेय म्हणून पेन्सिल.
टेकडीवरचा चारा महिनाभरही पुरणार नाही, असं के. म्हणते. त्यांना आणखी खाली, नदीकडे जायचंय. मध्ये दुसऱ्या एकाचं कुंपण. तो खात्याच्या माणसांना दारात उभं करत नाही. आज सकाळी डेलच म्हणाला, चला, मी बोलतो त्याच्याशी. वाटेत के.ला विचारत होता, हिवाळा नीट गेला तर माद्यांचे परवाने कधी उघडतील. ती म्हणाली मार्चमध्ये मोजू, तोवर नावही काढायचं नाही. तो म्हणाला बरं. बरं म्हणाला, डेल.
के. मध्ये बसलेली, आम्हा दोघांच्या. तिचा हात माझ्या कोटाच्या खिशात होता. गार पडला होता म्हणून, असं ती म्हणाली. मार्चपर्यंत बऱ्याच गोष्टींचं नाव काढायचं नाही असं दिसतंय.
फाटकाशी डेलने माझ्याकडे बोट केलं: "तू ट्रकमध्येच बस, टेक्सास. तोंड उघडायचं नाही."
बसलोय. त्याचं कुत्रं माझ्या पायावर झोपलंय. ते दोघं आत जाऊन बराच वेळ झाला. किचनच्या खिडकीतून दिसतंय, के. बोलतेय, हात हलवून. घरमालक उभा आहे. आता बसला. डेल टेबलावर काहीतरी आखतोय बोटाने. मालक मोठमोठ्याने काहीतरी बोलतोय. हसतोय की ओरडतोय, काचेतून कळत नाही.
बर्फ पुन्हा सुरू झालाय. के.ने खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि ये अशी खूण केली. निघालो.