एकविसावी कळी

फणसवाडी, गिरगाव
१४ ऑगस्ट २०१४

ती. ताईस,

पद्माचा नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली नुसती उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघतेस? भावोजींची साखर आणि तुमच्या माहीमचं पाणी ही दोन्ही आटोक्यात असावीत. मी ठणठणीत आहे. मी आजारी पडत नाही, हे तुला माहीत आहे.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात संकष्टीला तुझ्याकडून आणलेला मोदकाचा साचा माझ्या हातून फुटला. त्याने मी नारळ फोडला नाही, खिडकीची खिट्टी ठोकली. (हातोडी सापडत नव्हती आणि साचा समोर होता. सागवान आहे, टिकेल असं वाटलं.) हा साचा संपाच्या साली भावोजींच्या गिरणीतल्या विठोबा सुताराने हात रिकामे होते म्हणून कोरून दिला, हे मी विसरलेले नाही. दर चतुर्थीला भावोजी पहिला मोदक पाहुण्यांसमोर उंच धरून "मोजा! एकवीस कळ्या!" म्हणतात, हेही नाही. कोणी मोजत नाही, कारण उकडीचा मोदक समोर असताना कळ्या मोजत बसणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पण चतुर्थी पंधरा दिवसांवर आली. साच्याशिवाय भावोजींनी काय उंच धरायचं? तेव्हा तसाच साचा करून द्यायचा, असं मी ठरवलं.

आमच्या तळमजल्यावर हरेश्वर राहतो. माझा विद्यार्थी, वय बेचाळीस, नववीची भूमिती माझ्याकडे दोनदा शिकलेला. लोअर परळला एका बंद गिरणीच्या आवारात त्याचा गाळा आहे. तिथे असं यंत्र आहे की संगणकावर आकृती काढून दिली, की ते प्लॅस्टिकचे थर एकावर एक देत वस्तू उभी करतं. "बाई, मी काढून देतो," म्हणाला. ज्याची वर्तुळं बटाट्यासारखी यायची त्याच्या हाती मी भावोजींची अब्रू देणार नव्हते. त्याला म्हटलं, तू चहा सांग, मी काढते.

फुटक्या साच्यावर पेन्सिल फिरवून मी कळ्या मोजल्या. तीनदा मोजल्या, तीनदा वीस भरल्या. एकविसावी फुटीत गेली असणार, हे उघड होतं. म्हणून आकृतीत फुटीच्या जागी दोन कळ्यांच्या मध्ये ती मी बसवली. मग करायचं होतं ऑफसेट. (फणसवाडीत या शब्दाचा अर्थ छापखाना. इथे अर्थ असा की काढलेल्या रेषेबाहेर ठरावीक अंतरावर तशीच दुसरी रेषा. दोन रेषांमधली जागा ही साच्याची भिंत.) मी दोन मिलीमीटर सांगितले. संगणकाने नकार दिला. कारण नाही, खुलासा नाही, नुसती लाल रेघ, वर्गात मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या मुलासारखी.

पहिल्या दिवशी चूक माझी निघाली. रेषेची दोन टोकं जुळली नव्हती, केसाएवढी फट होती. मान्य. ती बुजवली, तरी नकार. दुसऱ्या दिवशी हरेश्वर म्हणाला, "बाई, आधी फिलेट मारून बघा." (पापलेटचं नव्हे. कोपरा गोल करणं.) वीस कळ्यांच्या खाचा मुकाट्याने गोल झाल्या. एकविसावी कळी हटून बसली.

"बाई, प्रोग्रॅमच बिघडला असेल. बंद करून चालू करू या?"

"हरेश्वर, तू नापास झालास तेव्हाही तुझ्या मते पेपरच चुकीचा होता."

तरी त्याने बंद करून चालू केलं. तरी नकार.

शेवटी काळाचौकीहून विठोबालाच बोलावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, पण नजर अजून रंध्यासारखी. मी त्याला पडद्यासमोर बसवलं. त्याने लाल रेघेवर बोट ठेवलं (हरेश्वरचा जीव वरखाली, पडद्यावर डाग पडला म्हणून) आणि विचारलं, "बाई, ह्यां कोणी घुसवलां मध्ये?"

मी म्हटलं, मी. ताईच्या साच्यात एकवीस आहेत, एक फुटीत गेली.

तो इतका हसला की मला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाला, "भिंतीपेक्षा कोपऱ्याचो गोल मोठो होयो. हंय जागाच खंय आसा?" खरंच, मी कळी घुसवली तिथे खाच साडेतीन मिलीमीटर उरली होती. दोनच्या त्रिज्येचं वर्तुळ बसायला चार लागतात. तेहतीस वर्षं मी भूमिती शिकवली, ताई. हरेश्वर चहा आणायला स्वतः उठून गेला, आणि बाहेर बराच वेळ होता.

ती कळी पुसली, खाचा सारख्या वाटून गोल केल्या, आणि ऑफसेट एका टिचकीत झालं. साचा निघाला पांढराशुभ्र, हलका, खिट्टी ठोकायला पूर्ण निरुपयोगी, म्हणजे सुरक्षित. कळ्या किती, हे तू विचारशीलच. ते खाली लिहिते.

तुझी,
पद्मजा

ता. क. पत्र मिटण्याआधी नव्या साच्यात गरम उकड भरून पाहिली. साचा मऊ पडून बसला. मोदक आणि साचा, दोघांचाही आता लाडू झाला आहे.

दुसरा ता. क. काळजी करू नकोस. विठोबा गाळ्यात आल्यापासून "गोंद आसा?" विचारत होता आणि मी त्याला "तू पडद्याकडे बघ" म्हणून गप्प करत होते. मी ऑफसेट करत होते तेवढ्यात त्याने जुना साचा सांधला. सांधा दिसत नाही. तोच सोबत पाठवते आहे.

तिसरा ता. क. त्यात वीसच कळ्या आहेत. पहिल्यापासून. "परकारान वीस भाग पडतंत, एकवीस पडणत नाय," असं विठोबा म्हणाला. (ते बरोबर आहे. मला सुचायला हवं होतं.) त्याने हे तेव्हाच भावोजींना सांगितलं होतं. भावोजी म्हणाले होते, "असू दे रे, मोजतंय कोण?"

तेव्हा एवढंच कर. साचा फुटला होता हे भावोजींना सांगू नकोस. कळलंच आणि ते चिडलेच, तर इतकंच म्हण, की पद्माने कळ्या मोजल्यात.