शाडूचा राजा

पेण, ९ ऑगस्ट १९९८

प्रिय एलियाह,

तुझं पार्सल अष्टमी गावात, तुमच्या घरी पोचलं. खजूर झकास आहेत. भिंतीवरचं घड्याळही देखणं आहे, ते मीच खिळा ठोकून लावून दिलं. अब्राहमकाका खाली उभे राहून ‘डावीकडं जरा, आता उजवीकडं’ करत होते आणि शेजारच्या धोंडुबाईला ‘लेकानं धाडलंय’ म्हणून सांगत होते. मला मात्र खोका बघताच कळलं की यंदाही तू येत नाहीस. काकांना अजून कळलेलं नाही. ते तुझे वडील आहेत, तुझ्याशी कधी लढाई खेळलेले नाहीत. मी खेळलो आहे. तुझ्याकडून नजराणा आला की पाठोपाठ दगा येतो, एवढं शिकायला मला तीन राज्यं घालवावी लागली.

काय दिवस होते रे! मी पेणला गणपतीच्या कारखान्यावरच्या माडीत कॉम्प्युटर क्लास काढला होता, शाडूची धूळ उडून कीबोर्डची बटणं अडकायची. तू धाटावच्या कंपनीत शिफ्टला. मी कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळातली माझी खेळी खेळून फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधून रोह्याच्या एसटीत पोपट कंडक्टरकडे द्यायचो. तू ती स्टँडवर उतरवून घ्यायचास, जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या कॉम्प्युटरवर तुझी फौज हलवायचास आणि परतीच्या गाडीने माझ्याकडे पाठवायचास. आधी एकाने खेळायचं, मग दुसऱ्याने, आणि आपल्या दोघांच्या मध्ये कॉम्प्युटरचा एक बावळट राजा. पोपटला एकदा सांगितलं की ह्यात लढाई आहे, तर त्याने ती खिशातून काढून तिकिटांच्या पेटीत ठेवली. म्हणाला, “लढाई हाय तर खिशात नाय ठेवत बाबा, उगाच पेटायची.” तुझ्या बाबतीत तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

कारण तू लढायचास कुठे? लढायला छाती लागते. तू तह करायचास. तहाची मुदत संपायच्या आत तुझी फौज माझ्या वेशीवर तंबू ठोकून बसायची, आणि मी विचारलं की निरोप यायचा, ‘सराव चालू आहे’. एकदा मैत्रीची खूण म्हणून मला एक अख्खं शहर बक्षीस दिलंस. मी खुळा हुरळून गेलो. आत जाऊन बघतो तर कोठारात दाणा नाही आणि लोक बंड करून उठलेले! स्वतःच्या गळ्यातली धोंड माझ्या गळ्यात बांधून वर ‘आभार नकोत’ असं लिहिलं होतंस. दुसऱ्यांदा माझ्या मुलखातून वाट मागितलीस आणि नेमका पुलावर येऊन थांबलास. मित्राच्या फौजेवर हल्ला करता येत नाही, त्यामुळे माझ्याच पुलावरून मला जाता येईना. आणि त्या बावळट राजाला तू सांगायचास की नथानियल तुझ्यावर चालून येतोय, मला सांगायचास की तो माझ्यावर येतोय. आम्ही दोघे एकमेकांची डोकी फोडायचो, तू बाजूला बसून शहरं बांधायचास. वर खेळी फसली की पहिली पुसून पुन्हा खेळायचास, मनासारखा निकाल लागेपर्यंत. हे मला फार उशिरा कळलं. ह्याला लोक मुत्सद्दीपणा म्हणतात. आमच्या पेणला ह्याला लबाडी म्हणतात.

पण एकदा हरलास. आठवत असेलच, तू नको ते विसरत नाहीस. राजधानीच्या तटामागे तू दडून बसला होतास. मी खंडणी देऊ केली, तह देऊ केला, गयावया केली. तू ढिम्म. शेवटी खेळीबरोबर निरोप लिहायची जी ओळ असते, तिच्यात मी लिहिलं की तुझा राजा आमच्या पेणच्या शाडूचा आहे, पाण्यात पाय घातला तर विरघळेल, म्हणून बाहेर पडत नाही. पुढची फ्लॉपी आली तेव्हा तुझी सगळीच्या सगळी फौज तट सोडून दलदलीत उतरली होती. मी ती कापून काढली. नंतर स्टँडवर भेटलास तेव्हा म्हणालास, खोडी काढलीस हे मला कळलं होतं, पण राहवलं नाही.

असो. त्या तुझ्या विद्या इस्राएलला जाऊन चांगल्याच फळल्या म्हणायच्या. परवा तिकडच्या लोदहून तुझ्या बहिणीचा, फ्लोराताईचा फोन आला. रडत होती. तिला तू सांगितलंस की बाबाच नको म्हणतात, खर्चात पडू नका. आणि काकांना लिहिलंस की फ्लोरा म्हणते, एवढ्या लांबून येऊन दोन दिवसांत निघायचं, तुम्हालाच त्रास. वा रे पठ्ठ्या! बहीण तिकडे रुसलेली, बाप इकडे गप्प, आणि तू मधे बसून शहरं बांधतोयस. दर वर्षी ‘पुढच्या सणाला नक्की’ म्हणून तहाची मुदत वाढवायची आणि बरोबर काहीतरी पाठवायचं. एका वर्षी शाल, एका वर्षी रेडिओ, यंदा घड्याळ. सख्ख्या बापाशी असलं राजकारण करणाऱ्या माणसाची मला किळस येते, हे स्पष्टच लिहितो.

गेल्या वर्षी दारफाळणीच्या सणाला काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल. काकांनीच मना केलं होतं. सगळ्यांचा उपास, अंगावर पांढरे कपडे, प्रार्थनालयाची दारं लावलेली, आणि पेण-रोह्याचे मिळून आम्ही बाप्ये नऊ. दहा बाप्ये भरल्याशिवाय सेफेर, आपली धर्मग्रंथाची गुंडाळी, पेटीतून काढायची नाही, आणि दहावा नाही. काका ती पेटी समोर ठेवून दिवसभर बसले. दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचे. संध्याकाळी धोंडुबाई पायरीपाशी आली आणि म्हणाली, “काका, आमच्या काळुरामला बसवा. त्यो पन बाप्याच हाय. उपाशी रहील, नाय म्हनायचा नाय.” काका हसले, सबंध दिवसात तेवढेच. मिठागरावर राबणारी बाई दहावा म्हणून आपला नवरा द्यायला निघाली, आणि पोटचा पोरगा भिंतीवरची घड्याळं पाठवतो!

मे महिन्यापासून काकांना अष्टमीहून पूल ओलांडून रोह्यात जाववत नाही, दम लागतो. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. गेल्या रविवारी मला म्हणाले, “यंदा दहा झाले तर मी सेफेर वाचीन. नाय झाले तर ती ठाण्याच्या प्रार्थनालयाला देऊन टाकू.” पुढल्या वर्षाचं काही बोलले नाहीत. मला भीती वाटते, एलियाह. रोह्याला येताना निडी स्टेशनपासून पुढे गाडीत माझे डोळे भरलेले असतात हल्ली, अष्टमीला जाऊन काय बघायला मिळेल म्हणून.

तुझ्यावर माझी दोन पत्रं वाया गेली. दोन्हींत मी हात जोडले होते, आणि दोन्हींना तुझं गोड उत्तर आलं. म्हणून ह्या पत्रात मी तुला एकदाही ये म्हटलेलं नाही, नीट बघ. शाडूचा आहेस, तटामागेच बस, पाण्यावरून आलास तर विरघळशील. राग आला ना? खोडी आहे हे कळलंही असेल, तेव्हाही कळलंच होतं. राग आला असेल तर कागदावर काढू नकोस, तोंडावर येऊन काढ. दारफाळणीला मात्र तुला दिवसभर तोंड मिटून खिडकीजवळच्या जागेवर बसावं लागेल, काकांच्या उजव्या हाताला, ती जागा त्यांनी कुणाला दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला सगळे एकमेकांकडे जातात, तेव्हा माझ्याकडे ये आणि हव्या तेवढ्या शिव्या दे. मी उलट बोलणार नाही.

तुझाच जन्माचा शत्रू,
नथानियल