फाटकावरचा पहारा

१२ मे

प्रभूची कृपा. नोकरी लागली, आणि तीही बसून करायची. इतकी वर्षं आमच्या बेटावर बस चालवली. प्रवासीच उरले नाहीत तेव्हा बस बंद झाली आणि मी इकडे मुख्य भूमीवर, इन्व्हरनेस शहरात आलो. कंपनीच्या अंगणात पांढऱ्या कॅम्परव्हॅन ओळीने उभ्या असतात. आत पलंग, चूल, कपबशांचं कपाट. लोक त्या भाड्याने घेतात आणि डोंगर, बेटं हिंडतात. कुठे वळायचं, कुठली बोट पकडायची, गाडी कुठे लावून झोपायचं, हे नकाशावर आखून देणं माझं काम. मालकीणबाई इशबेल तोंडाने फटकळ. आल्या आल्या म्हणाल्या, "काय बेटकर, रविवारी फोन तरी उचलाल, की तेही पाप?" मी म्हटलं, रविवार प्रभूचा, तेव्हा नाही, पण सोमवारी दुप्पट उचलेन. खूप हसल्या. ओटच्या बिस्किटांना लोणी लावून दिलं. खिडकीतून नदी दिसते. निजण्यापूर्वी स्तोत्र वाचलं. मन शांत आहे.

१९ मे

आज विल्फ्रेड आणि एडिथ हॉस्किन आले. इंग्लंडमधले, सत्तरी ओलांडलेले. हॉस्किन सगळी हयात रेल्वेच्या फाटकावर होते. म्हणाले, "दुसऱ्यांसाठी फाटक उघडून-मिटून पाय गेले हो माझे. आता अशी जागा द्या, जिथे नुसतं पडून राहता येईल." एडिथबाई म्हणाल्या, घरी तरी दुसरं काय करता? दोघं हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, ओठ निळे पडले. मी ते पाहिलं. पाहिलं, एवढं लिहून ठेवतो.

मुक्कामासाठी मी आमच्या बेटावरची हिरवळ आखली. दफनभूमीच्या भिंतीलगत, खाली पांढरी वाळू. तिच्याहून सुंदर जागा मला माहीत नाही. नकाशावर लाल खूण केली.

आमच्याकडे जुनी माणसं मानत, की दफनभूमीत शेवटी पुरलेल्याने फाटकाशी पहारा द्यायचा. पुढचा मेलेला येऊन मातीत गेला की याची सुटका. चर्चचे पाळक या गोष्टीवर चिडत, आणि मी पाळकांच्या बाजूचा. माझा धाकटा भाऊ रुआरी तिथला शेवटचा. त्याच्यानंतर गावच उठलं. आई इकडे मुख्य भूमीवर वारली, इथेच पुरली. पण शेवटपर्यंत म्हणत होती, माझं पोर वाऱ्यात उभं आहे.

जागा मी देखाव्यासाठीच निवडली.

२७ मे

हॉस्किन यांचा फोन. खुशीत होते. "जागा काय शोधलीत हो! आणि तुमचे बंधू भेटले की, फाटकाशी. नाक अगदी तुमचंच. चहा दिला तर कप हातात धरून उभेच. बसा म्हटलं तर बसेनात."

भावाबद्दल मी त्यांच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो.

आत्ताच्या आत्ता गाडी काढा, असं म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही. पण मी विचारलं, तो कसा दिसतो. दमलेला, ते म्हणाले. मग मी म्हटलं, हवा छान आहे, अजून थोडे दिवस राहा.

३० मे

हॉस्किन गेले. गाडीतल्या पलंगावर, झोपेतच. एडिथबाई फोनवर रडत होत्या. त्यांना तिथे इतकं आवडलं होतं, तिथेच पुरता येईल का? आमच्या घराण्याच्या कोपऱ्यात रुआरीशेजारची जागा माझ्यासाठी राखलेली होती. ती दिली. इशबेल म्हणाल्या, देवमाणूस आहात. मी वर पाहिलं नाही.

६ जून

दफनाला गेलो होतो. माती लोटताना फाटकाकडे पाहिलं. कुणी नव्हतं. रुआरी सुटला. मला आनंद झाला, परक्याच्या कबरीशी उभं राहून आनंद. परत आल्यापासून प्रार्थनेला शब्द येत नाहीत.

११ जून

अंगणाच्या फाटकाशी कुणीतरी उभं आहे. भर दुपारी. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत. गाडी आली की फाटक उघडतं, गेली की मिटतं. इशबेल म्हणाल्या, वारा असेल.

नदीचं पाणी आरशासारखं होतं.

१५ जून

एडिथबाई आल्या. पार वाळल्या आहेत. हॉस्किन रोज स्वप्नात येतात म्हणे, उभेच. "एडी, पाय दुखतात गं. तू येतेस का?" त्यांना पुन्हा तिथेच जायचंय. परतीची बोट नको म्हणाल्या.

मी रस्ता आखून द्यायला नकार दिला. तर हसल्या. जुना नकाशा आहे की जवळ, तुमच्या हातची लाल खूण असलेला —

१७ जून

एडिथबाईंच्या आधीच्या बोटीने गाडी घेऊन बेटावर आलो. घडीची खुर्ची आणली आहे. निघताना इशबेलना सांगितलं, काही झालं तर मला तिथेच, भावाच्या पायाशी. "वेड लागलं का बेटकर?" म्हणाल्या. पण या वेळी हसल्या नाहीत.

तीच हिरवळ. उजेड अजून आहे. फाटकाशी हॉस्किन आहेत. माझ्याकडे बघतच नाहीत, खाली धक्क्याकडे — एडिथची वाट —

मरायला आलो नाही. उभं राहायला आलो. पण मातीत गेल्याशिवाय पहारा बदलत नाही, हे मला —

प्रभू, मला ठाऊक होतं. फोनवरही ठाऊक होतं.

धक्क्यावर भोंगा. तिची बोट —

फाटक उघडलं. खुर्ची घेऊन गाडीतून उतरतो. हॉस्किन, बसा. तुम्ही बसा आता, मी उभा —