धुण्याआधी खिसे तपासावेत

३ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना चिरंजीवांनी घोषणा केली — घरात वॉशिंग मशीन येणार! बजेटचा आकडाही सांगितला, आणि त्याच्यावर एक पैसा जाणार नाही हेसुद्धा. सूनबाई ताटात बघत होती, नात मोबाइलमध्ये. मला कोणी विचारलं? मी म्हटलं, "का? माझे हात झिजले का?"

झिजलेत. उजवं मनगट सकाळी बाटलीचं झाकण उघडू देत नाही. पण ही गोष्ट या वहीबाहेर जायची नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मशीन मला का नको, ते एकदा लिहूनच टाकते.

कपडे मी धुते, म्हणून खिसे मी तपासते. बस्स, एवढंच कारण! या घरात मला कोणी काही सांगत नाही. चिरंजीवांची गाडी "बरं चाललंय"च्या पुढे सरकत नाही. सून कामावर पळते. नात पंधरा वर्षांची, दिवसाला चार शब्द बोलते, त्यातले दोन "आजी, थांब". पण खिसे! चिरंजीवांचं प्रमोशन हुकलं ते मला त्याच्या पँटच्या खिशातून कळलं. ऑफिसचं पत्र होतं, चार घड्या घातलेलं. वाचलं, जागच्या जागी ठेवलं, आणि पुढचा आठवडाभर त्याला एकदाही टोचून बोलले नाही. माझ्या मानाने हा विक्रमच. नातीचा गणिताचा पेपरसुद्धा असाच तिच्या जॅकेटात मिळाला, नीट चार घड्यांचा. तिच्या बापाच्या आधी मला मार्क कळले!

तीस वर्षं पोस्टात टपाल वेगळं केलं. दुसऱ्याचं एक पाकीट उघडलं नाही. आता कसर भरून काढतेय.

मशीन आलं की ज्याने त्याने आपापले कपडे आत कोंबायचे, बटण दाबायचं, मोकळं व्हायचं. मग मी कोण? पाहुणी. तेव्हा ठरलं. मशीन येऊ द्यायचं नाही!

८ फेब्रुवारी, रविवार

दुकानात वरात गेली. चिरंजीव फ्रंट लोड, म्हणजे पुढच्या दाराच्या मशीनवर भाळले. ते म्हणे मोबाइलवरून चालतं, ऑफिसात बसून सुरू करता येतं. ऑफिसात बसून याला आईला एक फोन करता येत नाही! किंमत बजेटच्या बाहेर, तर विक्रेता लगेच "हप्ते आहेत ना". गळ्यात टाय, तोंडात साखर.

मी विचारलं, "खिशात कागद राहिला तर?"

"लगदा होतो, आजी." वर हसला.

लगदा! माझे पाय तिथेच दुखायला लागले. सगळ्यांना घरी आणलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

घबाड! सुनेच्या राखाडी जॅकेटात तिच्या अक्षरातली यादी. पुढच्या दाराचं मशीन: वाकावं लागतं. आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळला की निम्मी किंमत गेली. हप्ते: नकोच.

रात्री जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "पुढच्या दाराचं घेऊ नका. वाकून वाकून कंबर जाईल. आणि बोर्ड जळला तर निम्मे पैसे पाण्यात."

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. "आई, तुला बोर्ड कुठून माहीत?"

"पोस्टात होते मी."

याचा त्याचा काडीचा संबंध नाही, पण त्याने पुढची पोळी मागितली. एक मशीन आडवं केलं!

११ फेब्रुवारी, बुधवार

नवा डाव सुचला. मशीन टळत नसेलच, तर दोन टबांचं येऊ दे! एका टबात धुतलेले कपडे हाताने काढून दुसऱ्या टबात पिळायला टाकावे लागतात. म्हणजे शेजारी माणूस हवं. म्हणजे मी हवी. म्हणजे खिसे माझेच. शिवाय सगळ्यांत स्वस्त. चिरंजीव कसला नाही म्हणतोय!

त्यात आज त्याच राखाडी जॅकेटात दुरुस्तीवाल्याचं कार्ड सापडलं. टिकाऊ कुठलं ते त्याच्याइतकं कोण सांगणार? उद्या गुपचूप जाऊन येते. भाजीची पिशवी घेऊन निघायचं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. एवढंसं दुकान. खिळ्यांना पट्टे लटकलेले, जमिनीवर उघडी पडलेली मशीनं, मध्ये स्टुलावर हा.

"टिकतं कुठलं ते सांगा," मी म्हटलं.

"मावशी, स्वतःच्याच पोटावर पाय देऊन सांगतो. बटणं जितकी जास्त, तितकी माझी चंगळ. साधं घ्या. वरून झाकण, बटणं चार-पाच, आणि पार्ट कुठल्याही दुकानात मिळतील असं. तसल्या मशीनवाल्यांचं तोंड मी वर्षानुवर्षं बघत नाही."

"आणि दोन टबांचं?"

"टिकायला टिकतं." तो उठला. चाचणीच्या मशीनमधली ओली चादर माझ्यापुढे धरली. "ही या टबातून त्या टबात टाका बघू."

मी टाकायला गेले. चादर अर्धी वर आली आणि कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी! त्याने ती माझ्या हातातून घेतली. मला त्याचा इतका राग आला. खरं सांगायचं तर, त्याचा नव्हता.

भाजी आणायची राहिलीच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मी जाहीर केलं. वरून झाकणाचं, साधं, कमी बटणांचं. "मी चौकशी केलीय." युद्धाची पूर्ण तयारी होती. चिरंजीव म्हणाले, "चालेल." सून म्हणाली, "आई म्हणतात तर तेच घेऊ." नात म्हणाली, "ओके." बजेटातही बसलं, वर थोडे उरले!

भांडायलासुद्धा मिळालं नाही. माझं सगळं ऐकलं, आणि मशीन तर येतंच आहे. हे कसलं जिंकणं?

१६ फेब्रुवारी, सोमवार

उद्या येणार. आज शेवटचं हाताने. मुद्दाम सावकाश धुतलं. चिरंजीवांच्या खिशात नेहमीसारखा पावतीचा बोळा. नातीच्या खिशात केसाची पिन. राखाडी जॅकेट धुवायला आलंच नाही.

नळ चालू ठेवून थोडी रडले. मनगटासाठी नाही. ही तिघं उद्यापासून मला कळेनाशी होणार, म्हणून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन बसलं. सोबतच्या पुस्तिकेत पहिलीच सूचना, "धुण्याआधी खिसे तपासावेत." झाकणावर राखाडी जॅकेट ठेवलेलं. खिशात चिठ्ठी.

"आई, यादी मी ठेवली. कार्डही मीच ठेवलं. ओली चादर उचलायला द्या, असं दुरुस्तीवाल्याला मीच सांगून आले होते. तोंडावर विचारलं असतं तर मनगटाचं कबूल केलं असतंत? शुक्रवारी साडेअकराला डॉक्टरांकडे जायचंय. कपडे मशीन धुईल. खिसे तुमचेच."

चिठ्ठीला चार घड्या. एकसारख्या, नीट.

चिरंजीवांनी जन्मात कागदाची घडी घातलेली नाही, बोळाच करतो. आणि नात तर पेपर फाडून टाकणारी! मग ते प्रमोशनचं पत्र — तो गणिताचा पेपर —

चार तारखेचं पान काढलं. "या घरात मला कोणी काही सांगत नाही." ओळ खोडली.